दिनविशेष कसा लिहावा : १ ऑगस्ट या तारखेच्या आधारे

शाळेच्या परिपाठात, वाचनालयाच्या फलकावर, दैनिकाच्या आतल्या पानावरील चौकटीत आणि आता सकाळच्या व्हॉट्सॲप संदेशांत दिनविशेष नेमाने येतो. शाळा सुटल्यानंतर पुन्हा इतिहासाचे पुस्तक हाती न घेणाऱ्या असंख्य वाचकांपर्यंत इतिहास पोहोचतो तो याच चार-पाच ओळींतून, म्हणून त्या लिहिणाऱ्याची जबाबदारी मोठी आहे. प्रत्यक्षात बहुतेक दिनविशेष दुसऱ्या कोणाच्या तरी यादीवरून उतरवून घेतले जातात आणि एकदा चुकलेली तारीख वर्षानुवर्षे फलकाफलकांवर फिरत राहते. हे काम नीट करू इच्छिणाऱ्यासाठी येथे एक पद्धत सांगितली आहे. उदाहरणादाखल १ ऑगस्ट ही तारीख घेतली आहे, कारण दिनविशेषाच्या कामात येणाऱ्या बहुतेक अडचणी या एका तारखेत सापडतात.

सुरुवात वहीपासून करावी. प्रत्येक तारखेला एक पान द्यावे आणि त्यावर घटना, स्थळ, मूळ साधनात दिलेली तिथी व वार, आणि ही माहिती कोठून घेतली त्याचा उल्लेख असे चार रकाने आखावेत. चौथा रकाना रिकामा असलेली नोंद फलकावर जाऊ देऊ नये. माहितीसाठी मराठी विश्वकोश, विश्वसनीय चरित्रे, जिल्हा गॅझेटियर आणि जुन्या दैनिकांच्या फायली यांचा आधार घ्यावा. प्रत्येक तारीख दोन स्वतंत्र ठिकाणी पडताळावी. मात्र एकमेकांवरून उतरवलेल्या दहा याद्या मिळूनही एकच आधार ठरतात, हे विसरू नये.

आता १ ऑगस्टचे पान उघडू. महाराष्ट्रात या तारखेला पहिली आठवण येते ती लोकमान्य टिळकांची. मुंबईच्या सरदारगृहात १९२० साली त्यांचे निधन झाले ते मध्यरात्र उलटून गेल्यावर, म्हणून इंग्रजी कालगणनेनुसार ती तारीख १ ऑगस्ट आणि वार रविवार ठरतो. आपल्या पंचांगाचा दिवस मात्र सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत चालतो, त्यामुळे तीच घटका पंचांगाच्या हिशेबाने शनिवारच्या रात्रीत मोडते. रात्री घडलेल्या कोणत्याही घटनेची नोंद करताना वेळ आधी पाहावी आणि मग तारीख लिहावी.

त्याच १ ऑगस्ट १९२० रोजी आजच्या सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुक्यातील वाटेगाव येथे अण्णाभाऊ साठे यांचा जन्म झाला. असहकार आंदोलनाचा आरंभही त्याच दिवशीचा. या तीन घटना एका ओळीत गोवून ‘एक सूर्य मावळला, दुसरा उगवला’ अशा थाटाचे वाक्य लिहिण्याचा मोह फार जणांना होतो. तो टाळावा. असहकाराचा दिवस आधीच जाहीर झालेला होता, टिळकांचे निधन त्या दिवशी व्हावे हा योगायोग होता, आणि वाटेगावातील जन्माचा या दोहोंशी काही संबंध नव्हता. खरा संबंध दाखवायचाच असेल, तर टिळकांच्या अंत्ययात्रेत गांधीजी सहभागी झाले होते आणि राष्ट्रीय चळवळीचे नेतृत्व त्यानंतर त्यांच्याकडे आले, हे साधेपणाने सांगावे. एवढ्या भक्कम वस्तुस्थितीला अलंकाराची गरज पडत नाही.

असहकाराच्या नोंदीत आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. आंदोलन १ ऑगस्टला सुरू झाले, काँग्रेसने त्याला मान्यता दिली ती सप्टेंबर १९२० मधील कलकत्त्याच्या विशेष अधिवेशनात, आणि डिसेंबरमध्ये नागपूरच्या अधिवेशनात तिच्यावर पुन्हा शिक्कामोर्तब झाले. या तिन्ही तारखा खऱ्या आहेत; म्हणून वाक्यातील क्रियापद नेमके हवे. ‘आरंभ झाला’, ‘ठराव संमत झाला’ आणि ‘कायम केला’ हे तीन वेगळे प्रसंग आहेत. कायद्यांच्या बाबतीत हा घोळ नेहमीच होतो. ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी बंद करणाऱ्या कायद्याला २८ ऑगस्ट १८३३ रोजी राजसंमती मिळाली, तो अमलात आला १ ऑगस्ट १८३४ रोजी, आणि मॉरिशसमध्ये त्याची अंमलबजावणी १ फेब्रुवारी १८३५ पासून झाली. गुलामांच्या जागी मजूर हवे म्हणून हिंदुस्थानातून करारबद्ध मजुरांची भरती सुरू झाली, आणि मॉरिशसमधील आजच्या मराठी भाषक समाजाचे पूर्वज याच वाटेने तेथे गेले. १ ऑगस्ट १८३४ ही नोंद मराठी फलकावर घ्यायची ती या कारणासाठी, आणि ते कारण नोंदीत लिहिलेले असावे. आपल्याकडील उदाहरण सांगायचे तर संविधान २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकृत झाले आणि २६ जानेवारी १९५० रोजी पूर्णपणे अमलात आले, हे सर्वांना माहीत असूनही ‘संविधान तयार झाले’ असे मोघम वाक्य दोन्ही दिवशी वाचायला मिळते.

शोधांच्या नोंदींनाही हाच नियम लावावा. १ ऑगस्ट १७७४ रोजी जोसेफ प्रीस्टली यांनी भिंगाने सूर्यकिरण एकवटून पाऱ्याचे लाल भस्म तापवले आणि निघालेला वायू गोळा केला. त्या वायूत मेणबत्ती विलक्षण तेजाने जळाली. परंतु स्वीडनमधील कार्ल शील यांनी हा वायू त्याआधीच मिळवला होता आणि ‘ऑक्सिजन’ हे नाव पुढे लव्हाझिए यांनी दिले. म्हणून ‘ऑक्सिजनचा शोध लागला’ असे न लिहिता ‘प्रीस्टली यांनी ऑक्सिजन वायू वेगळा केला’ असे लिहावे. दोन शब्द बदलले की नोंद बरोबर होते.

सर्वाधिक काळजी घ्यावी लागते ती जुन्या घटनांच्या बाबतीत, विशेषतः शिवकाळाच्या. त्या काळची मराठी साधने शक, महिना, तिथी आणि वार देतात, फारसी कागद हिजरी तारीख देतात, आणि इंग्रजांचे कागद इंग्रजी तारीख देतात. शक वरून इसवी सन काढताना चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ आणि त्यापुढे फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळवावे लागतात. राज्याभिषेक शके १५९६ च्या ज्येष्ठातला म्हणून १६७४, आणि शिवजन्म शके १५५१ च्या फाल्गुनातला म्हणून १६३०. महिन्याचेही पाहावे लागते, कारण आपला महिना अमावास्येला संपतो आणि उत्तरेतला पौर्णिमेला, त्यामुळे आपली फाल्गुन वद्य तृतीया तिकडे चैत्र कृष्ण तृतीया होते.

याच्याही पुढची अडचण इंग्रजी तारखेत आहे. पोप तेरावे ग्रेगरी यांच्या आदेशाने १५८२ साली जुन्या ज्युलियन गणनेच्या जागी नवी ग्रेगोरियन गणना आली आणि ४ ऑक्टोबरच्या गुरुवारनंतर थेट १५ ऑक्टोबरचा शुक्रवार आला, पण इंग्लंडने ही सुधारणा १७५२ साली आणि रशियाने १९१८ साली स्वीकारली. शिवकाळात या दोन कालगणनांत दहा दिवसांचे अंतर होते, आणि १७०० नंतर ते अकरा दिवसांचे झाले. १९ फेब्रुवारी १६३० ही शिवजन्माची आणि ६ जून १६७४ ही राज्याभिषेकाची तारीख जुन्या, म्हणजे ज्युलियन गणनेची आहे. ग्रेगोरियन गणनेने तेच दिवस अनुक्रमे १ मार्च आणि १६ जून येतात. औरंगजेबाच्या मृत्यूची तारीख कोठे २० फेब्रुवारी तर कोठे ३ मार्च १७०७ अशी आढळते, तीही याच कारणामुळे. रूढ तारीखच द्यावी, परंतु वहीत ती कोणत्या गणनेची आहे ते लिहावे, आणि एकाच फलकावर दोन गणना मिसळू देऊ नयेत.

यावर उत्तम कसोटी वाराची आहे, कारण कालगणना बदलली तरी वारांचा क्रम कधीही तुटला नाही. शिवजन्माची फाल्गुन वद्य तृतीया शुक्रवारची आहे. संगणकावरील जे कॅलेंडर आजची ग्रेगोरियन गणना तशीच मागे नेते, ते १९ फेब्रुवारी १६३० ला मंगळवार दाखवते आणि १ मार्च १६३० ला शुक्रवार. म्हणजे १९ फेब्रुवारी ही तारीख चुकीची नसून ज्युलियन आहे, हे एका मिनिटात कळते. ही तिथी देणारी जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्याकडील शकवार नोंदींची यादी, प्रकाशात आणण्याचे श्रेय लोकमान्य टिळकांचे. ती १९१६ साली प्रसिद्ध झाली आणि त्यापूर्वी रूढ असलेल्या शके १५४९ च्या, म्हणजे १६२७ च्या, वैशाखातील तिथीचा फेरविचार सुरू झाला. १ ऑगस्टच्या फलकावर टिळकांविषयी लिहिताना त्यांची ही कालगणनेची आस्था एका वाक्यात तरी यावी असे मला मनापासून वाटते. वेदांच्या काळनिर्णयावर ‘ओरायन’ हा ग्रंथ लिहिणाऱ्या या माणसाने पंचांगशुद्धीसाठी आयुष्यभर आग्रह धरला होता.

याच शकावलीत राज्याभिषेकाची नोंद ज्येष्ठ शुद्ध द्वादशी, शुक्रवार, तीन घटका रात्र उरली असता अशी आहे. रूढ तिथी मात्र त्रयोदशी आणि तारीख ६ जून, म्हणजे शनिवार. यात विरोध नाही. एक घटका २४ मिनिटांची, म्हणजे सूर्योदयाला सव्वा तासाच्या आसपास अवकाश होता. पंचांगाचा शुक्रवार संपला नव्हता आणि इंग्रजी शनिवार मध्यरात्रीच लागला होता. दोन साधनांत एका दिवसाचा फरक दिसला, की एकाला खोटे ठरवण्याआधी घटनेची वेळ शोधावी, ती याचसाठी.

लोकस्मृतीतील समजही असेच तपासावेत. पानिपतचे युद्ध संक्रांतीच्या दिवशी झाले, असे सर्रास लिहिले जाते, कारण तारीख १४ जानेवारी १७६१ आहे. पण संक्रांतीची इंग्रजी तारीख साधारण सत्तर-बहात्तर वर्षांत एका दिवसाने पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ रोजी झाला तो संक्रांतीचा दिवस होता, आणि त्याच्याही शंभर वर्षे आधी ती साहजिकच आणखी अलीकडे, १० किंवा ११ जानेवारीच्या सुमारास येत असे. युद्धाचा दिवस बुधवार, पौष शुद्ध अष्टमीचा होता. ‘संक्रांत कोसळली’ हे त्या आघाताचे वर्णन म्हणून योग्य आहे, दिनविशेष म्हणून नाही.

परदेशी घटनांतही हा सापळा असतो. शेक्सपिअर आणि सर्व्हांटिस यांचा मृत्यू २३ एप्रिल १६१६ या एकाच दिवशी झाला असे लिहिले जाते. परंतु इंग्लंडमध्ये ज्युलियन आणि स्पेनमध्ये ग्रेगोरियन गणना असल्यामुळे या दोन तारखांत दहा दिवसांचे अंतर आहे, शिवाय सर्व्हांटिस २२ एप्रिलला वारले आणि २३ ही त्यांच्या दफनाची नोंद आहे. तारीख एक असणे आणि दिवस एक असणे यांत येथे फरक पडतो.

जन्मतारखांविषयी एक सूचना आवश्यक आहे. ज्यांची जन्मतारीख घरी कोणाला ठाऊक नव्हती, अशा मुलांची तारीख शाळेत नाव घालताना गुरुजी १ जून लिहीत असत, आणि महाराष्ट्रातील अनेक नामवंतांच्या कागदपत्रांवर आजही तीच तारीख आहे. अशा नोंदीला दुसरा आधार मिळाला तरच ती जन्मदिन म्हणून द्यावी, अन्यथा केवळ जन्मवर्ष द्यावे.

निवड करताना पाच किंवा सहा नोंदींवर थांबावे. १ ऑगस्टच्या फलकासाठी मी टिळक, अण्णाभाऊ, असहकार, गुलामगिरीविरोधी कायदा आणि प्रीस्टली हे पाच घेईन. १९४४ चा वॉर्सा उठाव आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकचे उद्घाटन वहीत राहू देईन, कारण एका ओळीत त्यांना न्याय देता येणार नाही. प्रत्येक नोंदीत वर्ष आधी, मग व्यक्ती, स्थळ आणि घडलेली गोष्ट असा क्रम ठेवावा. ‘थोर साहित्यिक अण्णाभाऊ साठे यांची जयंती’ एवढेच लिहिल्याने विद्यार्थ्याला काहीच मिळत नाही, ‘१९२० : लेखक व शाहीर अण्णाभाऊ साठे यांचा वाटेगाव येथे जन्म, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांनी शाहिरीतून लोकजागृती केली’ असे लिहिले तर वाचणाऱ्याला पुढे विचारायला प्रश्न सुचतो.

फलकावर चूक गेलीच, तर दुसऱ्या दिवशी त्याच फलकावर, तितक्याच ठळक अक्षरांत दुरुस्ती लिहावी, आणि वहीतील मूळ नोंद न खोडता तिच्यासमोर नवी तारीख, तिचा आधार व दुरुस्तीचा दिवस नोंदवावा, म्हणजे पुढच्या वर्षी हे काम ज्याच्याकडे जाईल त्याला तोच शोध पुन्हा पहिल्यापासून घ्यावा लागणार नाही.