कांद्याच्या पापुद्र्यातली पेशी: नुसती आकृती काढू नका, नीट पाहा

शाळेच्या प्रयोगवहीत कांद्याच्या पेशीची आकृती उघडली की तिच्यात तंतुकणिका असतात, गॉल्गी संकुल असतं, कधीकधी हरितलवकंसुद्धा काढलेली असतात. शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याच्या साध्या पापुद्र्यात यातलं काहीही ओळखू येत नाही. हरितलवकं तर तिथे नसतातच, कारण ते पापुद्रे जमिनीखाली, उजेडाविना वाढलेले असतात. स्पष्ट दिसतात त्या तीन गोष्टी: पेशीभित्तिका, केंद्रक आणि भित्तिकेला चिकटून असलेला पेशीद्रव्याचा पातळ थर. रिक्तिका (पेशीच्या मधली रसाने भरलेली पिशवी) आणि प्रद्रव्यपटल (पेशीद्रव्याभोवतीचा पातळ पडदा) मात्र युक्तीने पाहावं लागतं. ती युक्ती स्वयंपाकघरातल्या मिठाने जमते, आणि दोन तासिकांत सगळं आटोपतं.

कांदा कोणता घ्यावा

बाजारातला नेहमीचा लाल किंवा गुलाबी कांदा घ्या. ताजा, घट्ट, कोंब न फुटलेला. अलिबागचा पांढरा कांदा खायला उत्तम, पण या प्रयोगाचा दुसरा भाग त्याने होत नाही. लाल कांद्याच्या प्रत्येक मांसल पाकळीला दोन पापुद्रे असतात. आतल्या, खोलगट बाजूचा पापुद्रा बिनरंगी असतो आणि सहज सुटतो. बाहेरच्या, फुगीर बाजूचा जांभळा असतो आणि जरा चिवटपणे निघतो. पहिला केंद्रक पाहण्यासाठी, दुसरा रिक्तिका आणि पटल पाहण्यासाठी.

बाकीचं साहित्य: स्लाइड, कव्हरस्लिप, चिमटा, सुई, ब्लेड, दोन ड्रॉपर, वॉच ग्लास, फिल्टर पेपरच्या पट्ट्या, आयोडीनचं पातळ द्रावण किंवा १ टक्का सॅफ्रानिन (लाल रंग), मीठ आणि पाणी. आयोडीन शाळेतच तयार करायचं असेल तर २ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड थोड्या पाण्यात आधी विरघळवा, त्यात १ ग्रॅम आयोडीन घाला आणि पाणी घालून १०० मिली करा. क्रम उलटा केला तर आयोडीन तळाशी तसंच बसून राहतं, कारण नुसत्या पाण्यात ते फारच कमी विरघळतं. हे काम शिक्षकांनी करावं. आयोडीनचे डाग कपड्यांवरून सहज जात नाहीत.

पापुद्रा काढणं

बहुतेक स्लाइडी इथेच बिघडतात, म्हणून घाई नको. कांदा उभा चार भागांत चिरा. वरच्या एकदोन सुकट पाकळ्या बाजूला काढून तिसरी-चौथी पाकळी घ्या. खोलगट बाजू वर ठेवून ब्लेडने साधारण ५ मिलिमीटर बाजूचा चौकोन आखा. ब्लेडचा दाब अगदी हलका हवा. पाकळी आरपार कापायची नाही, नुसती रेघ उमटली पाहिजे. चौकोनाच्या एका कोपऱ्यात चिमट्याचं टोक आडवं सरकवून पापुद्रा उचला. तो ओल्या प्लॅस्टिकच्या कागदासारखा पारदर्शक निघाला पाहिजे. दुधाळ किंवा जाडसर दिसला तर त्याला खालचा गर चिकटून आला आहे. तो टाकून द्या आणि दुसरा काढा, खरवडत बसू नका.

निघालेला तुकडा क्षणभरही हातात धरू नका, थेट वॉच ग्लासमधल्या पाण्यात सोडा. हवेत तो काही सेकंदांत गुंडाळतो, आणि त्या गुंडाळीत अडकलेली हवा नंतर कशानेही निघत नाही.

रंग देणं आणि स्लाइड बसवणं

सॅफ्रानिन वापरत असाल तर वॉच ग्लासमध्ये दोन थेंब टाका, तुकडा अर्धा ते एक मिनिट त्यात ठेवा आणि मग साध्या पाण्यात दोनदा हलवून धुवा. धुणं टाळलं की सगळी पेशी एकसारखी लाल दिसते आणि केंद्रक त्या लालीत हरवून जातं. आयोडीन असेल तर काम आणखी सोपं: स्लाइडवर एक थेंब आयोडीन, त्यावर तुकडा, दोन मिनिटं थांबा. केंद्रक पिवळसर तपकिरी होतं.

तुकडा स्लाइडच्या मध्यावर सुईने सपाट पसरवा. तो दुमडला तर दोन थर एकावर एक येतात, भित्तिका एकमेकींना छेदताना दिसतात आणि आकृतीत त्याची जाळी होते. कव्हरस्लिप वरून टाकू नका. तिची एक कड पाण्याला टेकवा, दुसरी कड सुईवर तिरकी धरा आणि सुई हळूहळू खाली आणत काढून घ्या. पाणी पुढे सरकत हवा बाहेर ढकलतं. तरी एखादा बुडबुडा राहतोच. त्याची खूण पक्की आहे: अगदी गोल आकार, जाड काळी कड आणि आत स्वच्छ उजेड. ही खूण माहीत नसली की वहीत बुडबुड्याला ‘केंद्रक’ असं नाव लागतं.

कव्हरस्लिप पाण्यावर तरंगत असेल तर कडेला फिल्टर पेपर टेकवून जादा पाणी टिपा. नाहीतर मोठं भिंग फिरवताना तिचीच घसरगुंडी होते आणि भिंग ओलं होतं.

जाता जाता ग्लिसरीनबद्दल. स्लाइड लवकर सुकू नये म्हणून पुष्कळ ठिकाणी पाण्याऐवजी ग्लिसरीनचा थेंब टाकायला सांगतात. रंगवलेल्या, मेलेल्या पेशींसाठी ते चालतं. जिवंत पेशींसाठी ते नको, कारण दाट ग्लिसरीन पेशीतलं पाणी ओढून घेतं आणि पेशी तुम्ही पाहण्याआधीच आकसलेली असते.

सूक्ष्मदर्शकाखाली

सुरुवात नेहमी सगळ्यात लहान भिंगाने, ४× किंवा १०×. स्टेज (स्लाइड ठेवायचा मंच) वर नेताना आयपीसमधून (डोळ्याजवळच्या भिंगातून) न बघता बाजूने बघा, भिंग आणि स्लाइड यांत अगदी थोडं अंतर उरेपर्यंत. मग आयपीसला डोळा लावून मोठा स्क्रू उलट दिशेने, म्हणजे अंतर वाढेल असा फिरवा. असं केलं की स्लाइड फुटत नाही. चित्र सापडल्यावर ४०× लावा आणि त्यानंतर मोठ्या स्क्रूला हातही लावू नका, फक्त बारीक स्क्रू. ४०× भिंग आणि स्लाइड यांत जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जागा असते. १०× ला नीट दिसत होतं आणि ४०× ला काही केल्या जुळत नाही, असं झालं तर आधी स्लाइड उलटी ठेवली नाही ना ते पाहा. कव्हरस्लिप वरच हवी.

‘काहीच दिसत नाही’ या तक्रारीचं सर्वांत मोठं कारण जास्त उजेड हे असतं. पेशी जवळजवळ पारदर्शक, तिच्यावर भरपूर प्रकाश टाकला की कडा पुसल्या जातात. स्टेजखालचा डायफ्रॅम, म्हणजे उजेड कमी-जास्त करणारी झडप, बंद करत आणा. भित्तिका एकदम उठून दिसतात. आरशाचा सूक्ष्मदर्शक असेल तर आरसा खिडकीतल्या आभाळाकडे वळवा. सूर्याकडे कधीही नाही, डोळ्याला कायमची इजा होऊ शकते.

आता केंद्रक शोधा. काही पेशींत ते कडेला चपटं दिसेल, काहींत अगदी मधोमध गोल. मधोमध दिसणारं केंद्रक खरोखर मध्यावर आहे का? बारीक स्क्रू सावकाश वर-खाली फिरवा. केंद्रक स्पष्ट होतं तेव्हा पेशीच्या बाजूच्या भिंतींचा मधला भाग धूसर होतो, आणि भिंती स्पष्ट झाल्या की केंद्रक अंधूक. म्हणजे ते वरच्या किंवा खालच्या भिंतीला टेकलेलं आहे, आपण ते डोक्यावरून पाहतो आहोत. मधली सगळी जागा रिक्तिकेने अडवलेली असते, म्हणून पेशीद्रव्य आणि केंद्रक कडेलाच राहतात. रॉबर्ट ब्राऊन यांनी १८३१ मध्ये ऑर्किडच्या पानांच्या पापुद्र्यात पाहून केंद्रकाला त्याचं नाव दिलं. त्यांच्यापुढेही असंच काहीसं दृश्य असणार.

एखाद्या पेशीत केंद्रक सापडत नसेल तर गोंधळू नका. पापुद्रा सोलताना काही पेशी फाटतात आणि त्यांच्यातलं सगळं वाहून जातं. अशी पेशी मुद्दाम शोधून आकृतीत काढू नका, शेजारची शाबूत पेशी घ्या.

रंग न दिलेला एक तुकडा साध्या पाण्यात बसवून ४०× खाली, उजेड कमी करून, पाच मिनिटं शांतपणे पाहा. पेशीद्रव्याच्या बारीक धाग्यांतून कण सरकताना दिसतात, कधी थांबतात, कधी वळून परत येतात. पेशी जिवंत आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी कळण्याची याहून चांगली संधी शाळेच्या प्रयोगशाळेत मिळणं अवघड. आयोडीनने पेशी मरते, म्हणून ही हालचाल रंगवलेल्या स्लाइडवर कधीच दिसत नाही.

पेशी केवढी आहे?

पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी स्टेजवर ठेवून १०× भिंगाखाली दिसणाऱ्या वर्तुळाचा व्यास मोजा. शाळेतल्या पुष्कळ सूक्ष्मदर्शकांत तो १.८ मिलिमीटरच्या जवळपास येतो, तुमचा वेगळा असू शकेल. आता पेशींच्या लांबीच्या दिशेने व्यासावर किती पेशी मावतात ते मोजा. सहा मावल्या तर १.८ भागिले ६, म्हणजे ०.३ मिलिमीटर, अर्थात ३०० मायक्रोमीटर. ४०× खाली वर्तुळ चौपटीने लहान होतं, ०.४५ मिलिमीटर. एकच लांबट पेशी वर्तुळाचा दोन तृतीयांश व्यास व्यापते, त्यामागे हेच गणित आहे.

आकृतीत तीन-चार पेशी पुरेत, पण मोठ्या काढा. भित्तिका दुहेरी रेघेने, टोकदार पेन्सिलने, छटा न देता. ४०× भिंग आणि १०× आयपीस मिळून होणारं ‘४००×’ हे सूक्ष्मदर्शकाचं वर्धन झालं. तुमची आकृती किती पट मोठी आहे ते वेगळं: ०.३ मिलिमीटरची पेशी ९ सेंटिमीटर लांब काढली तर आकृती ३०० पट.

मिठाचं पाणी आणि न दिसणारं पटल

१०० मिली पाण्यात ५ ग्रॅम मीठ विरघळवा. तराजू नसेल तर चहाचा एक सपाट चमचा जवळपास तेवढंच भरतो. आता पाकळीच्या फुगीर बाजूचा जांभळा पापुद्रा काढा. रंग द्यायचा नाही, रंग पेशीतच आहे. अँथोसायनिन नावाचं हे रंगद्रव्य रिक्तिकेतल्या रसात विरघळलेलं असतं, त्यामुळे जांभळं दिसतं ते सगळं रिक्तिका. साध्या पाण्यात बसवून आधी १०× खाली पाहा: जांभळा रंग भित्तिकेपर्यंत काठोकाठ भरलेला, पटलाचा मागमूस नाही. ते भित्तिकेला इतकं चिकटलेलं असतं की वेगळी रेघ दिसत नाही.

स्लाइड जागची न हलवता कव्हरस्लिपच्या एका कडेला मिठाच्या पाण्याचा थेंब सोडा आणि समोरच्या कडेला फिल्टर पेपरची पट्टी टेकवा. कागद पाणी ओढतो, मागून मिठाचं पाणी आत शिरतं. आयपीसवरून नजर काढू नका. दोनेक मिनिटांत रंग कोपऱ्यांतून सुटायला लागतो, मग कडांपासून आत सरकतो आणि शेवटी पेशीच्या मध्ये एक गडद जांभळा गोळा उरतो. रंग गडद होतो, कारण पाणी बाहेर गेलं आणि रंगद्रव्य आतच राहिलं. हाच रससंकोच. पेशीभित्तिका मात्र जवळपास जागच्या जागी, त्याच आकारात. गोळ्याची जी रेखीव कड दिसते, तिथे प्रद्रव्यपटल आहे.

भित्तिका आणि गोळा यांच्यामधल्या मोकळ्या जागेत काय असतं, हा परीक्षेतला आवडता प्रश्न. तिथे हवा किंवा पोकळी नसते, मिठाचं पाणी असतं. भित्तिकेतून पाणी आणि मीठ दोन्ही सहज जातात. अडवणूक होते ती पटलापाशी, तिथून पाणी सहज जातं आणि मीठ जवळपास अडतं.

काहीच आकसलं नाही, तर बहुधा मिठाचं पाणी आत पोचलेलं नसतं. कागद कव्हरस्लिपच्या कडेला नीट टेकला आहे का ते पाहा आणि आणखी दोन थेंब द्या. मिठाऐवजी साखर घ्यायची असेल तर १०० मिली द्रावणात ३० ग्रॅम तरी लागते. साखरेचा रेणू मोठा, त्यामुळे तेवढ्याच वजनात कण कमी भरतात. मिठाचे तर पाण्यात सुटे सोडियम आणि क्लोराइड आयन होतात. १, २ आणि ३ टक्के मिठाची द्रावणं करून प्रत्येकी ५० पेशी मोजा. निम्म्या पेशींत रंग कोपऱ्यांतून नुकता सुटलेला दिसतो ते द्रावण पेशीरसाच्या जवळपासच्या तीव्रतेचं.

आता त्याच पद्धतीने साधं पाणी आत ओढा, तीन-चार वेळा, सावकाश. गोळे फुगत जातात आणि पाच-दहा मिनिटांत जांभळा रंग पुन्हा भित्तिकेला टेकतो. मिठात फार वेळ ठेवलेल्या काही पेशी परत येत नाहीत, त्यांचं पटल फाटून रंग आजूबाजूला पसरतो.

शेवटी तुलनेसाठी एक जांभळा तुकडा वॉच ग्लासमध्ये ठेवा आणि त्यावर शिक्षकांकडून उकळतं पाणी ओतून घ्या. दोन मिनिटांनी तोच तुकडा स्लाइडवर घेऊन मिठाचं पाणी द्या. भित्तिका तशाच उभ्या असतात, रॉबर्ट हूक यांना १६६५ मध्ये बुचाच्या कापात दिसलेल्या रिकाम्या खोल्यांसारख्या, पण आत आकसायला काहीच उरलेलं नसतं. वॉच ग्लास पांढऱ्या कागदावर ठेवून पाहा: रंग आता त्या पाण्यात उतरलेला असतो.