लिनक्सची डिस्क कॅश : या चुका टाळा

सर्व्हरवर ‘फ्री’ ही कमांड चालवायची, ‘फ्री’ याच नावाच्या रकान्यात लहानसा आकडा दिसला की मेमरी संपली म्हणून घाबरायचे, हा प्रकार अजूनही थांबलेला नाही. डिस्कवरून वाचलेल्या फाइलींची पाने (मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे) कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, मोकळ्या रॅममध्ये राखून ठेवतो, हीच डिस्क कॅश, आणि प्रोग्रॅमना जागा लागली की त्यांतली न बदललेली पाने लगेच सोडून देतो. म्हणून पाहायचा तो ‘अव्हेलेबल’ हा रकाना; त्यामागचा अंदाज 2014 मधल्या 3.14 आवृत्तीपासून कर्नल स्वतःच काढतो.

या घबराटीतून येणारी सर्वांत वाईट खोड म्हणजे कॅश पुसण्यासाठी कर्नलच्या ‘ड्रॉप कॅशेस’ या फाइलीत 3 लिहिणारी ओळ क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या सोयीत, टाकणे. एका कार्यालयाच्या पोस्टग्रेस या डेटाबेसच्या सर्व्हरवर दर तासाच्या ठोक्याला अहवाल रखडत आणि काही वेळाने आपोआप सुरळीत होत. तिथल्या मंडळींनी क्वेरी तपासल्या, इंडेक्स नव्याने बांधले, नव्या डिस्कसाठी दरपत्रकही मागवले. क्रॉनटॅब (क्रॉनच्या कामांची यादी) मात्र कोणी उघडला नव्हता. पोस्टग्रेस स्वतःच्या बफरांखेरीज कर्नलच्या कॅशवरही बराच विसंबून असतो, आणि ती कॅश दर तासाला पुसली जात असल्याने तीच पाने पुन्हा डिस्कवरून आणावी लागत होती. ओळ काढली आणि तक्रार मिटली. ‘ड्रॉप कॅशेस’ मी फक्त चाचणीच्या यंत्रावर, थंड (रिकाम्या) कॅशचा वेग मोजण्यासाठी, आणि तेही आधी ‘सिंक’ ही साचलेले डिस्कवर उतरवणारी कमांड देऊन वापरतो, कारण डिस्कवर न उतरलेली पाने त्याने सुटत नाहीत.

‘स्वॅपीनेस’ (मेमरीतली पाने डिस्कवरच्या स्वॅपमध्ये हलवण्याकडे कर्नलचा किती कल असावा, तो आकडा) 0 करणे हा उपाय नसून अंधश्रद्धा आहे. ‘व्हीएफएस कॅश प्रेशर’ 0 केल्यास डेंट्री आणि आयनोड (फाइलींची नावे आणि माहिती यांच्या कॅशमधल्या नोंदी) कधीच सोडले जात नाहीत, आणि मेमरी खरोखरच संपू शकते. टीएमपीएफएसमधल्या (मेमरीतच राहणाऱ्या फाइल सिस्टिममधल्या) फाइली कॅशमध्येच मोजल्या जातात, पण ‘ड्रॉप कॅशेस’ने त्या हलत नाहीत.

‘डर्टी रेशो’, म्हणजे डिस्कवर न उतरलेली (‘डर्टी’) पाने मेमरीत किती साचू द्यायची ती मर्यादा, वाढवण्याचा मोह मात्र सविस्तर सांगण्याजोगा आहे. कॉपी झटपट संपल्यासारखी दिसते म्हणून उतावळे नवशिके 20 टक्क्यांचे 60 करतात. ही टक्केवारी उपलब्ध मेमरीची असते. 120 जीबी उपलब्ध असेल, तर मूळच्या 10 टक्के ‘बॅकग्राउंड’ मर्यादेलाच (जिथून कर्नल मागच्या मागे लिहायला लागतो) 12 जीबी पाने साचतात आणि सेकंदाला 150 एमबी लिहिणाऱ्या डिस्कला ती उतरवायला 80 सेकंद लागतात. तेवढ्यात डेटाबेसने ‘एफसिंक’ (आपली फाइल लगेच डिस्कवर उतरवणे) मागितले, तर तोही त्या गर्दीत अडकतो; वीज गेली, तर न उतरलेले सारे गेलेच. माझी सवय टक्के सोडून बाइट्समध्ये मर्यादा घालण्याची आहे: ‘डर्टी बॅकग्राउंड बाइट्स’ 256 एमबी आणि ‘डर्टी बाइट्स’ 1 जीबी. बाइट्सचा आकडा दिला की त्याच्या जोडीची टक्केवारी 0 दिसू लागते. ते बिघाडाचे लक्षण नव्हे. मोठी कॉपी चालू असताना ‘मेमइन्फो’ या कर्नलच्या मेमरीविषयक फाइलीतल्या ‘डर्टी’ आणि ‘राइटबॅक’ (सध्या डिस्कवर लिहिली जाणारी पाने) या ओळी पाहाव्यात, एका वेळी एकच आकडा बदलावा आणि तो ‘सिसकंट्रोल’च्या (कर्नलचे हे आकडे ठरवणाऱ्या साधनाच्या) फाइलीत कारणासह लिहावा, कारण नुसत्या कमांडने केलेला बदल रीबूटनंतर टिकत नाही.