मूडलवर तुटलेली शिरोरेषा अशी जोडली

मूडल या ऑनलाइन शिक्षणाच्या प्रणालीवरचा शिक्षक-प्रशिक्षणाचा कोर्स लॅपटॉपवर झकास दिसत होता. मोबाइलवर मात्र मथळ्यांची शिरोरेषा तुटलेली आणि ‘विद्यार्थी’तला रफार वरून छाटलेला! फॉन्ट बदलून काही फरक पडला नाही. खरी गोम सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये होती. छोट्या स्क्रीनसाठी कुणीतरी मथळ्यांना लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) दिलं होतं. रोमन अक्षरांना ते शोभतं, देवनागरीत अक्षरं एकमेकांपासून सुटतात. ते शून्य केलं. लाइन-हाइट (ओळीची उंची) १.१ वरून १.६ वर नेली, चौकटीबाहेरचा भाग छाटणारं ओव्हरफ्लो-हिडन काढलं. रफार पूर्ण दिसला. पानाची भाषाही इंग्रजी नोंदलेली होती (हे नेहमीचंच), ती मराठी केली. सीएसएसचे बदल बूस्ट या मूडलच्या थीमच्या सेटिंगमधल्या ‘रॉ एससीएसएस’ चौकटीतच टाका. थीमच्या फाइलीत थेट लिहिलेले बदल मूडल अपडेट करताना पुसले जातात.