घरच्या कोर्टवरचा पराभव उलगडताना या चुका टाळा: रॉकेट्स विरुद्ध वॉरियर्स, सातवा सामना, 2018

28 मे 2018 रोजी ह्यूस्टनच्या टोयोटा सेंटरमध्ये एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगच्या वेस्टर्न कॉन्फरन्स फायनलचा सातवा, निर्णायक सामना झाला. ह्यूस्टन रॉकेट्स घरी खेळत होते, गोल्डन स्टेट वॉरियर्स पाहुणे होते. आपल्याकडे तेव्हा 29 तारखेची सकाळ होती, त्यामुळे अनेकांनी तो ऑफिसला निघता निघता अर्धवट पाहिला आणि उरलेला निकालातून वाचला. हाफटाइमला रॉकेट्स 54-43 असे पुढे होते. तिसरा क्वार्टर वॉरियर्सने 33-15 असा घेतला आणि सामना 101-92 असा जिंकला. रॉकेट्सने थ्री-पॉइंटरचे, म्हणजे आर्कच्या (कोर्टवरच्या लांबच्या कमानीच्या) बाहेरून तीन पॉइंटसाठी टाकायच्या शॉटचे 44 प्रयत्न केले, त्यातले 7 पडले. मध्ये सलग 27 हुकले.

तेव्हापासून हा सामना '27 हुकले म्हणून हरले' या एकाच वाक्यात गुंडाळला जातो. 27 थ्री हुकले हे खरंच आहे. पण ते का हुकले, ते हुकत असताना दुसऱ्या टोकाला काय चाललं होतं आणि एरवी असे हुकूनही हा संघ कसा जिंकायचा, हे त्या वाक्यातून कळत नाही. आपल्या संघाच्या घरच्या पराभवाबद्दल मनापासून लिहायला बसणारे चाहते नेमके इथे अडकतात. हा सामना समोर ठेवून त्या चुका पाहू.

चूक: फक्त हुकलेले शॉट मोजणं, खाल्लेले पॉइंट न मोजणं

आधी साधी बेरीज-वजाबाकी करा. कागदावर दोन रकाने आखा. एकात थ्रीचे पॉइंट लिहा, दुसऱ्यात बाकी सगळे, म्हणजे टू-पॉइंटर आणि फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे मोकळे शॉट).

रॉकेट्स: 7 थ्री म्हणजे 21 पॉइंट, बाकीचे 71.
वॉरियर्स: 39 पैकी 16 थ्री म्हणजे 48 पॉइंट, बाकीचे 53.

आर्कच्या बाहेर रॉकेट्स 27 पॉइंटनी मागे आणि आत 18 पॉइंटनी पुढे, असा 9 चा हिशोब जुळतो. या चार आकड्यांतून दोन गोष्टी लगेच दिसतात. रॉकेट्सचा आतला खेळ त्या रात्री चांगला चालला होता. क्लिंट कपेलाचे 20 पॉइंट आणि 9 रिबाउंड (शॉट हुकल्यावर पकडलेले चेंडू), पी. जे. टकरचे 14 पॉइंट आणि 12 रिबाउंड होते. म्हणजे 'सगळा संघच ढेपाळला' हे म्हणणं टिकत नाही. दुसरं, वॉरियर्सच्या 16 थ्रीकडे बहुतेकजण पाहतच नाहीत. स्टेफ करीने 15 पैकी 7 मारले. ते का पडले हा प्रश्न रॉकेट्सच्या बचावाचा आहे, आणि 27 हुकण्याच्या गोष्टीत त्याचं उत्तर सापडणार नाही.

आता हीच मोजणी एकट्या तिसऱ्या क्वार्टरला लावा. रॉकेट्सने त्यात 14 थ्री टाकले आणि एकही पडला नाही. हा संघ त्या मोसमात सुमारे 36 टक्क्यांनी थ्री मारत होता. त्या दराने 14 पैकी 5 पडले असते, म्हणजे 15 पॉइंट. मग क्वार्टर 15 ऐवजी 30 चा झाला असता, आणि तरीही वॉरियर्सच्या 33 पेक्षा तीन कमीच. हा अंदाज ढोबळ आहे. शॉट पडला की रिबाउंड, पुढचा हल्ला, दोन्ही संघांची मांडणी हे सगळं बदलतं. तरी त्यातून दिशा स्पष्ट कळते. पहिल्या 24 मिनिटांत 43 वर रोखलेल्या संघाला पुढच्या 12 मिनिटांत 33 करू दिले, हे निम्मं दुखणं आहे. त्यातले 14 एकट्या करीचे. पहिल्या क्वार्टरमध्येच तीन फाउल झाल्याने वॉरियर्सच्या क्ले थॉम्प्सनला बसावं लागलं होतं. पहिल्या हाफमधल्या 43 चा अर्थ लावताना हेही धरावं लागतं, नाहीतर रॉकेट्सच्या बचावाला आपण जास्तीचं श्रेय देऊन बसतो आणि मग तिसऱ्या क्वार्टरमध्ये तो अचानक कोसळला असं वाटतं.

चूक: सगळं नशिबावर किंवा सगळं दडपणावर ढकलणं

सर्वाधिक गोंधळ इथे होतो. एक गट 0.64 चा (36 टक्के पडतात, म्हणजे 64 टक्के हुकतात) 27 वा घात काढतो आणि 'एक लाख सत्तर हजारांत एकदा घडणारी गोष्ट' म्हणून मोकळा होतो. गणित बरोबर आहे, प्रश्न चुकीचा आहे. आपण सामना संपल्यावर, सर्वात वाईट पट्टा शोधून, तेवढाच तुकडा मोजतोय. शिवाय प्रत्येक शॉटची शक्यता 36 टक्केच होती असं धरतोय.

बरोबर पद्धत अशी की पूर्ण सामन्याचे 44 प्रयत्न घ्या. 36 टक्क्यांनी अपेक्षा येते साधारण 16 ची. इतक्या प्रयत्नांत तीन-साडेतीन इकडेतिकडे होणं अगदी नेहमीचं. 7 किंवा त्याहून कमी पडण्याची शक्यता हजारात सुमारे 3. आता फक्त एक गोष्ट बदला. त्या रात्री मिळालेले शॉट थोडे अवघड होते असं धरून खरी शक्यता 30 टक्के ठेवा. तीच शक्यता हजारात सुमारे 25 वर जाते, म्हणजे आठपटीहून जास्त. शॉटचा दर्जा सहा टक्क्यांनी घसरला तर 'अशक्य' वाटणारी रात्र 'वाईट, पण घडू शकणारी' होते. नशीब आणि दर्जा एकमेकांचे पर्याय नाहीत. दर्जा घसरला की दुर्दैवाला जागा मिळते. कोणतीही स्प्रेडशीट बायनॉमियलचं (ठरावीक प्रयत्नांत किती यश येईल याच्या शक्यतेचं) हे गणित काही सेकंदांत करून देते, त्यामुळे आपल्या संघासाठी दोन-तीन वेगवेगळे टक्के घालून पाहायला कुणाला अडचण नाही.

मग दर्जा घसरला होता का? त्यासाठी शॉट वेगळे करावे लागतात. रॉकेट्सच्या जेम्स हार्डनने 13 पैकी 2 थ्री मारले, एरिक गॉर्डनने 12 पैकी 2, ट्रेव्हर अरिझाने 9 पैकी 0. तिघांचे मिळून 34 पैकी 4. या तिघांचे शॉट एका जातीचे नव्हते. अरिझा मुख्यतः पास झेलून लगेच टाकणारा, आणि त्या रात्री त्याचे सगळे मिळून 12 च्या 12 प्रयत्न वाया गेले. हार्डन स्वतः ड्रिबल करत, मागे सरकत टाकणारा. असे शॉट एरवीही कमी टक्क्यांचे असतात आणि ते पायांच्या ताकदीवर चालतात. थकलेल्या पायांनी टाकलेला शॉट सहसा आखूड पडतो. म्हणून रेकॉर्डिंग पाहताना प्रत्येक हुकलेल्या थ्रीपुढे या चार गोष्टी लिहा:

– शॉट झेलून टाकला की ड्रिबलवरून
– बचावपटू किती अंतरावर होता: 4 फुटांच्या आत, 4 ते 6 फूट की 6 फुटांपलीकडे
– शॉट क्लॉकवर (शॉट टाकायला मिळणारे 24 सेकंद मोजणाऱ्या घड्याळावर) किती सेकंद उरले होते
– चेंडू रिंगच्या पुढच्या कडेला लागला, मागच्या, की बाजूला

शेवटच्या नोंदीवर भर द्या, कारण ती फारसं कुणी करत नाही. पुढच्या कडेला लागणाऱ्यांचं प्रमाण क्वार्टरगणिक वाढत गेलं तर थकव्याची शंका घ्यायला आधार मिळतो. मागेपुढे, डावीउजवीकडे सारखेच विखुरले असतील तर थकव्याचा मुद्दा सोडून द्या. कोपऱ्यातला थ्री वेगळा मोजा. एनबीएत तो 22 फुटांचा असतो, समोरचा 23 फूट 9 इंचांचा. आपल्याकडच्या कोर्टवर फीबाची (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाची) 6.75 मीटरची रेषा असते, कोपऱ्यात 6.60, त्यामुळे हा फरक आपल्याला जाणवत नाही. एनबीएत तो सुमारे अर्ध्या मीटरचा आहे. रॉकेट्सचा तो 27 चा पट्टा चौथ्या क्वार्टरच्या मध्याला टकरने तोडला तो कोपऱ्यातूनच.

चूक: रेफरींच्या एका बाजूचीच यादी करणं

या सामन्यात थ्री टाकताना झालेल्या धक्क्यांवर रॉकेट्सचा राग होता. पुढे 2019 मध्ये त्यांच्या संघाने केलेल्या तपासणीची बातमी आली. चुकलेल्या निर्णयांमुळे या एका सामन्यात 18.6 पॉइंटचा फटका बसला असा तिचा दावा होता. लीगने त्या मोजणीची पद्धत मान्य केली नाही.

मुद्द्यात दम आहेच. शॉट टाकणाऱ्याला खाली उतरायला जागा न देणं हा फाउल आहे, आणि 2017-18 पासून बेपर्वाईने तसं केल्यास रेफरी व्हिडिओ पाहून फ्लॅग्रंट, म्हणजे जास्त गंभीर फाउल, देऊ शकतात. एका न दिलेल्या फाउलची किंमतही मोठी. 85 टक्के फ्री थ्रो मारणाऱ्याला तीन मिळाले तर सरासरी 2.55 पॉइंट, आणि 36 टक्क्यांच्या थ्रीची सरासरी 1.08. म्हणजे दर वेळी जवळपास दीड पॉइंट.

चुकतं ते पुढे. आपल्या बाजूने न मिळालेले फाउल मोजतो, पण आपल्या बचावपटूंना माफ झालेले मोजत नाही. यादी करायची तर दोन्ही टोकांची करा, प्रत्येक प्रसंग दोनदा पाहा, आणि 'नक्की फाउल', 'वादाचा', 'नाही' असे तीन गट ठेवा. बेरजेत फक्त पहिला गट धरा. लीगच्या शेवटच्या दोन मिनिटांच्या अहवालावर विसंबून उपयोग नाही. तो फक्त अटीतटीच्या सामन्यांसाठी आणि फक्त त्या दोन मिनिटांपुरता असतो. इथे सामना फिरला तो तिसऱ्या क्वार्टरमध्ये.

चूक: घरचं कोर्ट म्हणजे भरवसा

रॉकेट्सने त्या मोसमात घरी 34 जिंकले, 7 हरले. म्हणून हा पराभव अनेकांना अतर्क्य वाटला. पण त्या 41 सामन्यांत सगळ्या प्रकारचे पाहुणे होते. याच मालिकेत रॉकेट्स पहिला सामना घरीच 119-106 असा हरले होते. मालिकेतले घरचे चार सामने धरले तर दोन जिंकले, दोन हरले. तुलना करायची ती याच प्रतिस्पर्ध्याशी.

आदल्याच दिवशी, 27 मेला, बॉस्टन सेल्टिक्स त्यांच्या घरी ईस्टर्न कॉन्फरन्सचा सातवा सामना क्लीव्हलँडकडून 87-79 असा हरले. त्या प्लेऑफमध्ये (मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांत) तोवर ते घरी 10 पैकी 10 जिंकले होते. आणि थ्री? 39 पैकी 7. सलग दोन दिवशी, दोन वेगळ्या संघांना, आपापल्या प्रेक्षकांपुढे सातच थ्री मारता आले. दोनच सामन्यांवरून नियम काढू नये, पण प्रेक्षकांच्या आवाजाने थ्री पडतात हा समज त्यांच्यापुढे टिकत नाही.

दोन घरच्या सामन्यांची तुलना करताना नुसते पॉइंट शेजारी ठेवू नका, गती वेगळी असते. पझेशनचा, म्हणजे संघाकडे चेंडू किती वेळा आला याचा, अंदाज असा काढा: एकूण शॉट + 0.44 × फ्री थ्रो − आक्रमक रिबाउंड (स्वतःच्याच हुकलेल्या शॉटचे) + टर्नओव्हर (शॉट न टाकताच गमावलेले चेंडू). पॉइंटना त्याने भागून 100 ने गुणा.

चूक: 'क्रिस पॉल असता तर' इथेच थांबणं

रॉकेट्सचा क्रिस पॉल पाचव्या सामन्यात हॅमस्ट्रिंगच्या (मांडीच्या मागच्या स्नायूच्या) दुखापतीमुळे बाहेर गेला आणि सहावा, सातवा खेळला नाही. तोवर मालिका 3-2 अशी रॉकेट्सच्या हातात होती. ही वस्तुस्थिती विश्लेषणात हवीच, पण वॉरियर्सकडेही आंद्रे इग्वोडाला चौथ्या सामन्यापासून नव्हता, हे सोयीस्करपणे गळतं. दोन्ही नावं लिहा, मगच पुढे जा.

पॉल नसल्याने नेमकं काय गेलं ते सांगता आलं पाहिजे. दोन्ही संघ जवळजवळ प्रत्येक स्क्रीनवर (सहकाऱ्याने बचावपटूची वाट अडवली की) स्विच करत होते, म्हणजे बचावपटू आपापले प्रतिस्पर्धी अदलाबदल करत होते. अशा बचावापुढे पास फिरवून मोकळा माणूस मिळणं कठीण, म्हणून रॉकेट्स एकास-एक खेळत. त्यासाठी चेंडू हातात घेऊन बचाव फोडणारे दोघे होते, हार्डन आणि पॉल. एक विश्रांती घेई तेव्हा दुसरा चालवे. पॉल गेल्यावर तो भार हार्डन आणि गॉर्डनवर आला, आणि बदली खेळाडूंची फळीही आखडती होती.

पाचवा सामना याच ठिकाणी कामाला येतो. त्यात हार्डनने 11 थ्री टाकले, एकही पडला नाही, एकूण 21 पैकी 5. तरी रॉकेट्स 98-94 असे जिंकले, कारण गॉर्डनने 24 आणि पॉलने 20 केले. चौथाही ते याच संथ, एकास-एक पद्धतीने वॉरियर्सच्या घरी 95-92 असा जिंकले होते, शेवटच्या क्वार्टरमध्ये त्यांना 12 वर रोखून. त्यामुळे '44 थ्री टाकायची योजनाच चुकीची' हा निष्कर्ष नुसत्या निकालावरून काढता येत नाही. त्या मोसमात ते सामन्याला सरासरी 42 थ्री टाकतच होते आणि 65 सामने जिंकले होते.

त्याऐवजी सहावा आणि सातवा शेजारी ठेवा. सहाव्यात हाफटाइमला रॉकेट्स 61-51 पुढे होते आणि दुसरा हाफ 64-25 असा गमावून 115-86 असे हरले. सातव्यातही 11 ची आघाडी आणि तिसऱ्या क्वार्टरमध्ये तीच घसरण. पॉलविना झालेल्या दोन्ही सामन्यांत पहिला हाफ चांगला आणि दुसरा खालावलेला. दोन्हींचे तिसरे क्वार्टर घड्याळ समोर ठेवून पाहा आणि हार्डन किंवा गॉर्डनने बास्केटकडे पहिली चाल केली तेव्हा शॉट क्लॉकवर किती सेकंद होते ते लिहीत जा. पहिल्या हाफचेही तसेच काढा. दोन हाफमधला फरक तीन-चार सेकंदांचा निघाला, तर शॉट उशिरा आणि घाईत का जात होते हे आकड्यांत मांडता येईल. फरक निघाला नाही, तर थकव्याचा आणि पॉलचा मुद्दा आवरता घेऊन बचावाकडे, त्या 33 पॉइंटकडे वळावं लागेल.