बोस्टनला शिकायला आलेल्यांसाठी : कॅम्पसबाहेरचे शहर

बोस्टन आणि नदीपलीकडच्या केंब्रिजमध्ये शिकायला आलेल्या विद्यार्थ्यांना पहिल्या महिन्यात सल्ल्यांची वाण नसते. बँकेचे खाते, फोनचे कार्ड, आरोग्य विमा, विषयांची नोंदणी हे सगळे विद्यापीठाचे लोक आणि आधी आलेले विद्यार्थी नीट समजावून सांगतात, त्यामुळे त्याविषयी इथे लिहीत नाही. मला एकच आग्रह धरायचा आहे : कॅम्पसबाहेरचे शहर ओळखीचे करून घेण्याचे काम सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच सुरू करा, ‘अभ्यासाची घडी बसली की बघू’ म्हणून ते पुढे ढकलू नका.

याचे कारण इथल्या ऋतुमानात आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळे एक तास मागे जातात आणि डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात तर सव्वाचारच्या आतच सूर्य मावळतो. दुपारचे लेक्चर संपवून बाहेर पडावे, तर समोर काळोख आणि बोचरा वारा. अशा दिवसांत अनोळखी भागात जायला पाय उचलत नाहीत. ओळखीच्या ठिकाणी मात्र माणूस थंडीतही जातो. इतकी वर्षे इथे राहून मी हे वारंवार पाहिले आहे की, ज्यांनी थंडीच्या आधी शहरात दोन-चार जागा आपल्याशा करून घेतल्या, त्यांचा हिवाळा बरा जातो, आणि ज्यांचे जग खोली, प्रयोगशाळा आणि किराणा दुकान एवढ्यातच राहिले, त्यांना फेब्रुवारी येईपर्यंत एकटेपण फार जाचू लागते. म्हणून शहर पाहणे ही अभ्यासातून वेळ उरला तर करायची चैन आहे, असे मी मानत नाही.

सुरुवात ‘टी’पासून करावी. एमबीटीए या इथल्या सार्वजनिक वाहतूक संस्थेच्या रेल्वे आणि बस या सगळ्या व्यवस्थेला इथे सर्रास टी म्हणतात. ट्रेमॉन्ट स्ट्रीटखालचा तिचा बोगदा १८९७ साली सुरू झाला. अमेरिकेतली ती पहिली भुयारी रेल्वे, आणि आजही ग्रीन लाइनच्या गाड्या त्यातूनच धावतात. नवख्याचा गोंधळ होतो तो ‘इनबाउंड’ आणि ‘आउटबाउंड’ या पाट्यांनी. इनबाउंड म्हणजे पार्क स्ट्रीट, डाउनटाउन क्रॉसिंग या मध्यवर्ती स्थानकांकडे जाणारी गाडी. परंतु मध्य ओलांडला की तीच गाडी आउटबाउंड होते, म्हणून पाटीपेक्षा गाडीवर लिहिलेले शेवटच्या स्थानकाचे नाव वाचण्याची सवय लावा. ग्रीन लाइनला बी, सी, डी आणि ई अशा चार शाखा आहेत आणि रेड लाइन दक्षिणेकडे अ‍ॅशमाँट व ब्रेनट्री अशी दुभंगते; चुकीच्या शाखेत बसलात, तर बरेच दूर गेल्यावर ते ध्यानात येते. भुयारी रेल्वेचे भाडे २.४० डॉलर आणि साध्या बसचे १.७० डॉलर आहे. चार्ली कार्ड, म्हणजे भाड्याचे पैसे आधी भरून ठेवायचे टीचे कार्ड, असेल, तर बसमधून उतरून रेल्वेत बसताना पूर्ण भाडे पुन्हा भरावे लागत नाही, फक्त फरक कापला जातो. बऱ्याच विद्यापीठांतून संपूर्ण सत्राचा पास सवलतीत मिळतो, पण त्याची मागणी सत्राच्या आधी नोंदवावी लागते, तेव्हा चौकशी आल्या आल्या करावी.

पहिल्या मोकळ्या शनिवारी काय करावे, असे मला कोणी विचारले, तर मी १ क्रमांकाच्या बसने या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला सांगतो. ही बस हार्वर्ड स्क्वेअरहून निघते आणि मॅसॅच्युसेट्स अ‍ॅव्हेन्यूने जवळजवळ सरळ रॉक्सबरीतल्या न्यूबियन स्क्वेअरला जाते. ती निघते तिथेच मराठी माणसाने क्षणभर थांबावे, असे मला मनापासून वाटते. पाली भाषेचे गाढे अभ्यासक धर्मानंद कोसंबी १९१० साली हार्वर्डला आले ते बौद्ध ग्रंथांच्या संपादनासाठी. १९१८ साली ते पुन्हा आले, तेव्हा त्यांच्यासोबत आलेला मुलगा दामोदर केंब्रिजच्या सार्वजनिक शाळेत शिकला आणि १९२९ साली हार्वर्डचा पदवीधर झाला. पुढे भारताच्या प्राचीन इतिहासाकडे पाहण्याची दृष्टीच बदलून टाकणारे दा. ध. कोसंबी ते हेच. याच रस्त्यांवरून एक मराठी मुलगा शंभर वर्षांपूर्वी शाळेत जात होता, ही गोष्ट इथे नव्याने आलेल्यांना ठाऊक असायला हवी.

बस पुढे सेंट्रल स्क्वेअर आणि एमआयटीच्या दारावरून चार्ल्स नदीवरच्या पुलावर येते. डाव्या बाजूला बसा : तिकडे लाँगफेलो पूल, बीकन हिलची विटकरी घरे आणि स्टेट हाउसचा, म्हणजे राज्याच्या विधिमंडळाच्या इमारतीचा, सोनेरी घुमट एकाच नजरेत येतात, आणि ऑक्टोबरात पाण्यावर शिडाच्या होड्या असतात. पूल उतरल्यावर बॅक बे, मग सिम्फनी हॉल, आणि त्याच्या थोडे पुढे उजवी-डावीकडे पाहत राहिलात, तर ३९७ क्रमांकाचे एक साधे विटांचे घर लागते. बोस्टन विद्यापीठात पीएचडी करत असताना मार्टिन ल्यूथर किंग या घरात भाड्याने राहत होते; दाराशी तशी पाटी आहे. त्यांची आणि पुढे त्यांच्या पत्नी झालेल्या कोरेटा स्कॉट यांची ओळख याच शहरात झाली, त्या वेळी त्या जवळच्याच न्यू इंग्लंड काँझर्व्हेटरीमध्ये संगीत शिकत होत्या. त्यानंतर मोठे रुग्णालय लागते, बसमधली विद्यार्थ्यांची गर्दी ओसरते, कामाहून परतणारी माणसे चढतात, हैतीची क्रेओल आणि स्पॅनिश कानावर पडू लागते, आणि न्यूबियन स्क्वेअरला तुम्ही बोस्टनच्या कृष्णवर्णीय समाजाच्या जुन्या वस्तीत उतरता. विद्यापीठाच्या माहितीपत्रकातले बोस्टन आणि हे बोस्टन एकाच रस्त्यावर आहे, हे डोळ्यांनी पाहण्याचा याहून सोपा मार्ग मला माहीत नाही. परत फिरण्याआधी चौकातल्या सार्वजनिक वाचनालयात जरूर डोकावा.

वाचनालयाविषयी जरा आग्रहाने सांगतो. बोस्टन पब्लिक लायब्ररीची स्थापना १८४८ सालची, आणि कॉप्ली चौकातली तिची संगमरवरी जिन्याची इमारत १८९५ सालची. मॅसॅच्युसेट्समध्ये राहणाऱ्या कोणालाही तिचे कार्ड फुकट मिळते. त्यात तुम्हीही आलात. वरच्या बेट्स हॉलमध्ये लांबच लांब टेबले आणि हिरव्या काचेचे दिवे आहेत, कोणी प्रवेशपत्र विचारत नाही, आणि शेजारी पेन्शनर, शाळकरी मुले, नोकरी शोधणारे असे सगळ्या तऱ्हेचे लोक बसलेले असतात. विद्यापीठाचे ग्रंथालय कितीही संपन्न असले, तरी तिथे सगळे तुमच्याच वयाचे आणि तुमच्याच चिंतेत असतात. आठवड्यातली एक दुपार इथे अभ्यासाला बसून पाहा, फरक जाणवेल. याच कार्डावर अनेक संग्रहालयांचे सवलतीचे पासही मिळतात. हार्वर्डची कलासंग्रहालये २०२३ पासून सर्वांनाच विनामूल्य आहेत. म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये बऱ्याच महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना ओळखपत्र दाखवून फुकट प्रवेश आहे. आपले महाविद्यालय त्या यादीत आहे का, एवढे पाहून घ्या. वर उल्लेखलेल्या काँझर्व्हेटरीच्या जॉर्डन हॉलमध्ये विद्यार्थ्यांच्या बहुतेक मैफलींना तिकीट नसते. पाश्चात्त्य अभिजात संगीत कधी ऐकलेले नसेल, तरीही जा. समोर वाजवणारी मुले तुमच्याच वयाची असतात आणि जीव ओतून वाजवतात.

भाजीसाठी शुक्रवार-शनिवारचा हेमार्केटचा बाजार माहीत असू द्या. आठवडाअखेरीस चेल्सीच्या घाऊक बाजारात उरलेला माल इथे येतो, म्हणून भाव फार कमी असतो, आणि म्हणूनच तो दोन-तीन दिवसांत संपवावा लागतो. रोख पैसे न्या, आणि मुख्य म्हणजे मालाला हात लावू नका. निवडून घेणे इथल्या विक्रेत्यांना मुळीच खपत नाही. काय हवे ते सांगायचे आणि ते देतील ते घ्यायचे. दोन-तीनदा एकाच गाड्यावर गेलात, की हाच माणूस चांगला माल काढून देऊ लागतो.

मोकळ्या हवेसाठी फार दूर जावे लागत नाही. एप्रिलअखेरपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत दर रविवारी केंब्रिजच्या बाजूला मेमोरियल ड्राइव्हचा एक भाग मोटारींना बंद असतो, आणि तिथे लोक चालतात, सायकली चालवतात, लहान मुले स्केटिंग शिकतात. ऑरेंज लाइनच्या फॉरेस्ट हिल्स या शेवटच्या स्थानकाजवळ १८७२ साली स्थापन झालेले अर्नॉल्ड आर्बोरेटम हे वृक्षोद्यान आहे : २८१ एकर, झाडांवर नावांच्या पट्ट्या, प्रवेशशुल्क नाही. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात मेपलचा रंग पाहायला तिकडेच जावे. त्यासाठी गाडी भाड्याने घेऊन दूरच्या डोंगरांत गेलेच पाहिजे, असे नाही. समुद्र हवा असेल, तर ब्लू लाइन थेट रिव्हिअर बीचला नेते. आणि शनिवार-रविवारी कम्युटर रेल्वेचा १० डॉलरचा पास घेतला, की सेलम, कॉनकॉर्ड, रॉकपोर्ट यांपैकी कुठेही जाऊन येता येते.

माणसांची ओळख मात्र नुसते फिरून होत नाही. त्यासाठी काही तरी काम हातात घ्यावे लागते. इथे कायद्याची मर्यादा नीट समजून घ्या. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पहिल्या शैक्षणिक वर्षात कॅम्पसबाहेर नोकरी करता येत नाही, आणि सत्र चालू असताना कॅम्पसवरचे कामही आठवड्याला २० तासांपर्यंतच. एखाद्या दुकानात ‘रोखीत पैसे देतो, कागदोपत्री काही नको’ असे कोणी सांगितले, तर पैशांची कितीही चणचण असली तरी हो म्हणू नका. त्यात तुमचा व्हिसा जाऊ शकतो, दुकानदाराचे फारसे काही बिघडत नाही. धर्मादाय संस्थेतले, सगळेजण विनामोबदलाच करतात असे स्वयंसेवी काम मात्र सामान्यतः चालते. ग्रेटर बोस्टन फूड बँकेत अन्नाची वर्गवारी करायला नेहमीच माणसे लागतात, आणि तिथे दोन तास शेजारी उभे राहून काम केलेल्या माणसाशी जशी ओळख होते, तशी विद्यापीठाच्या स्वागत समारंभात होत नाही. तरीही सुरू करण्यापूर्वी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला विचारा. न्यू इंग्लंड मराठी मंडळाच्या कार्यक्रमांनाही जा. ते बहुधा उपनगरांत असतात, तेव्हा आधी कळवले, तर गाडीतून नेणारे कुटुंब सापडते, आणि काका-काकूंना तुमचे येणे ओझे वाटत नाही, हे मी त्यांच्यातला एक म्हणून सांगतो. फक्त सगळे शनिवार-रविवार तिथेच जाऊ नयेत.

कागदपत्रांविषयी थोडक्यात. अठरा वर्षांवरील परदेशी नागरिकाने नोंदणीचा पुरावा जवळ बाळगावा, असा इथला कायदा आहे, म्हणून आय-९४ची, म्हणजे देशात प्रवेश केल्याच्या नोंदीची, छापील प्रत पाकिटात ठेवा. पासपोर्ट मात्र रोज घेऊन हिंडू नका. घर बदलले, तर नवा पत्ता दहा दिवसांच्या आत विद्यापीठाला कळवावा लागतो. इथली बहुतेक भाडेपत्रे १ सप्टेंबरला सुरू होतात आणि त्या आठवड्यात रस्तोरस्ती लोकांनी सोडून दिलेले सामान पडलेले असते. टेबल, दिवा, पुस्तकांचे कपाट खुशाल उचला, गादी आणि सोफा कधीही नको, कारण त्यांतून ढेकूण घरात येतात आणि ते घालवणे फार महाग पडते.

टी रात्रभर चालत नाही. मध्यरात्रीनंतर परतायचे असेल, तर शेवटच्या गाडीची वेळ निघण्यापूर्वीच पाहून ठेवा, आणि विद्यापीठाची रात्रीची मोफत गाडी कुठपर्यंत येते, तेही विचारून घ्या. बहुतेक ठिकाणी ती सोय असते. बर्फासाठीचे जलरोधक बूट आणि चांगला कोट नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत घेऊन ठेवा. ते असले, की बोस्टन कॉमन या बागेतल्या फ्रॉग पॉण्ड तळ्यावर स्केटिंग करता येते, आणि जानेवारीत सत्र सुरू झाले, की जॉर्डन हॉलमधल्या मैफलीही पुन्हा सुरू होतात.