एसएफटीपी युजरला त्याच्या फोल्डरमध्येच ठेवताना या चुका टाळा

गिऱ्हाइकाला एसएफटीपीने, म्हणजे एसएसएचच्या सुरक्षित जोडणीवरून, फाइली टाकायला साधं खातं काढून दिलं, की तो एक पायरी वर जाऊन होममधली सगळी नावं वाचू शकतो. म्हणून क्रूट लावायचा, म्हणजे युजरला एकाच फोल्डरमध्ये कोंडायचं. ओपनएसएसएच या सर्व्हर प्रोग्राममध्ये ही सोय २००८ पासून आहे, तरी तीच चूक दर महिन्याला माझ्यापुढे येते.

ती चूक म्हणजे क्रूटचं फोल्डर युजरच्या मालकीचं करणं. ते रूटच्याच (सर्व्हरच्या मुख्य, सगळे हक्क असलेल्या खात्याच्या) मालकीचं हवं, आणि रूटशिवाय कुणालाही त्यात लिहिता येता कामा नये. वरच्या प्रत्येक फोल्डरलाही हाच नियम. तिथे युजरला लिहिता आलं, तर तो आत स्वतःचं ईटीसी आणि लिब (सेटिंगची आणि लायब्ररींची फोल्डरं) उभं करून रूटच्या हक्काने चालणाऱ्या प्रोग्रामला फसवू शकतो.

इंदूरला सियागंजातल्या एका पॅकिंगवाल्यांकडे बावीस गिऱ्हाइकं डिझाइनच्या फाइली टाकायची. अनंत चतुर्दशीची रात्र, रस्त्यावर झाक्या (चित्ररथ), रामबागेतून गाडी काढायची सोय नाही. तिथल्या मुलाचा फोन आला, "दादा, पासवर्ड घेतो आणि लगेच बंद पडतं. आता कुणाचंच लागत नाही."

"लॉग काय म्हणतो?"

"लॉग नाही बघितला. सगळ्याला ७७७ दिलं, म्हणजे सगळ्यांना सगळे हक्क."

एका गिऱ्हाइकाला फाइल चढवता येईना, म्हणून त्याने थेट वरच्या फोल्डरवरच आर लावून (म्हणजे आतल्या सगळ्यासकट) मालकी बदलणारं सीएचओन आणि हक्क बदलणारं सीएचमॉड चालवलं होतं. बाविसांची मालकी एकाच्या नावावर! लॉगिनच्या नोंदींच्या ऑथ डॉट लॉग फाइलीत ओळ स्वच्छ होती: बॅड ओनरशिप ऑर मोड्स फॉर क्रूट डिरेक्टरी. ती वाचायला दहा सेकंद लागतात. मला एकेकाची मालकी परत लावायला अडीच वाजले. घाईत ७७७ देणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, कारण दुसऱ्याच्या फाइली उघड्या पडतात.

माझी पद्धत ठरलेली आहे. युजरचं घर, म्हणजे क्रूटचं फोल्डर, रूटचं, ७५५ (लिहायचा हक्क फक्त मालकाला). आत 'अपलोड' नावाचं एक फोल्डर, फक्त तेवढंच युजरच्या मालकीचं. आणि 'नेमआय' कमांडला एल लावून वरपासून खालपर्यंतची मालकी एका नजरेत बघतो, कामाला हात लावण्याआधी.

दुसरी चूक, मॅच ग्रुपचा भाग (ठरावीक गटालाच लागू होणारे नियम) एसएसएचडीच्या, म्हणजे एसएसएच सर्व्हरच्या, सेटिंग फाइलीच्या मध्येच टाकणं. पुढचा मॅच येईपर्यंत किंवा फाइल संपेपर्यंत खालची प्रत्येक ओळ त्याच गटाला लागते. तो भाग तळाशीच ठेवा. एसएसएचडीला आधी टी लावून तपासा, आणि नवीन खिडकीतून लॉगिन होईपर्यंत जुनी बंद करू नका.

त्याच भागात फोर्सकमांडला (लॉगिननंतर काय चालवायचं ते ठरवणाऱ्या ओळीला) इंटर्नल-एसएफटीपी द्या, म्हणजे आत शेल किंवा लायब्ररी ठेवावी लागत नाही. टीसीपी फॉरवर्डिंग बंद करा. नाहीतर कोंडलेला युजरही तुमच्या सर्व्हरमधून बोगदा काढतो.

बाहेरच्या फोल्डरची सिमलिंक आतून चालत नाही, बाइंड माउंट करा, म्हणजे ते फोल्डर आतल्या फोल्डरवर जोडा.

साध्या एफटीपीचा सर्व्हर व्हीएसएफटीपीडी लिहिता येणाऱ्या क्रूटवर अडून '५०० ऊप्स' म्हणाला, की लोक लगेच अलाउ रायटेबल क्रूट 'यस' करतात. मी करत नाही, तिथेही आत अपलोड फोल्डरच देतो. आणि सगळ्यांना क्रूट चालू असताना क्रूट लिस्ट उघडलीत, तर यादीतली नावं कोंडली जात नाहीत, मोकळी सुटतात.