गेम शॉपमध्ये पार्टटाइम नोकरी: खेळ येतो म्हणून भागत नाही

इंग्लंडमध्ये मास्टर्सला आलेली आपली मुलं पार्टटाइम काम शोधताना सुपरमार्केट, कॅफे आणि गोदाम यांपलीकडे सहसा बघत नाहीत. मी एका छोट्या गेम शॉपमध्ये लागलो. बोर्ड गेम, मॅजिक आणि पोकेमॉन या कार्डांच्या खेळांची कार्डं, वॉरहॅमर या लढाईच्या खेळाच्या छोट्या आकृत्या, मागच्या खोलीत खेळायला टेबलं. पगार किमान वेतनाइतकाच, पण काम मजेचं. तुम्हाला अशा दुकानात शिरायचं असेल तर थोडं आधी ऐकून ठेवा.

या दुकानांत नोकरीला लागणारा बहुतेक जण आधी तिथलाच खेळाडू असतो, आणि तिथेच गोम आहे. रोजची मंडळी काउंटरवर कोपरं टेकून आपल्या डेकचं, म्हणजे खेळायला निवडलेल्या कार्डांच्या गठ्ठ्याचं, पुराण लावतात. आपल्यालाही ते ऐकायला आवडतं. तेवढ्यात दारातून आलेली एखादी बाई रॅकसमोर जरा घुटमळते आणि निघून जाते. कोणी तिच्याशी वाईट वागलेलं नसतं, फक्त कोणी मान वर केलेली नसते. आमच्या मॅनेजरचा एकच कडक नियम होता: दार उघडलं की रोजच्या माणसाचं वाक्य अर्ध्यावर सोडायचं. तो कुठे जात नाही, पुराण नंतर पुढे चालू होतं. काउंटरवर आकृत्या रंगवायलाही हरकत नव्हती, पण ब्रश चटकन खाली ठेवता यायला हवा.

‘कॅन आय हेल्प यू’ विचारलंत की ‘जस्ट लुकिंग’ हे ठरलेलं उत्तर येतं आणि बोलणं तिथेच संपतं. त्यापेक्षा कोण खेळणार आहे, किती जण, याआधी कुठला खेळ आवडला होता, हे विचारा. कटान हा बोर्ड गेम 1995 पासून दुकानांत आहे आणि नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं, म्हणून जोडपी तोच उचलतात. पण साधा कटान तीन-चार जणांचा. दोघंच खेळणार असतील तर पॅचवर्क किंवा अझूल दाखवा. आणि हो, जोडप्यातल्या पुरुषाकडेच बघून बोलू नका. खेळणारी बरेचदा तीच असते, आणि तिची परीक्षा घेतल्यासारखे प्रश्न तर मुळीच नकोत.

लक्ष्मी रोडवरचा साडीवाला समोर ढीग घालतो, तसं इथे चालत नाही. साडी उलगडली की दिसते, खेळाचा बंद डबा काहीच सांगत नाही. दोन डबे पुढे ठेवा, एकेकाबद्दल तीन-चार वाक्यं बोला, आणि गप्प बसा.

ख्रिसमसच्या आधी आज्या येतात, नातवानं लिहून दिलेली चिठ्ठी घेऊन. एक आजी वॉरहॅमरमधल्या स्पेस मरीन सैनिकांचा डबा गल्ल्यावर घेऊन आल्या, झाकणावरचं रंगीत चित्र बघून. सोबतच्या सहकाऱ्यानं बिल करण्याआधी विचारलं, ‘त्याच्याकडे कटर आणि रंग आहेत का?’ आजी गोंधळल्या. आत करड्या प्लास्टिकच्या चौकटी असतात. त्यातून सुटे भाग कापायचे, चिकटवायचे, मग रंगवायचे. डिंक नाही, रंग नाही, ब्रश नाही. त्यानं डबा परत ठेवला आणि मोजक्या आकृत्या, रंग, ब्रश एकत्र असलेला लहान सेट दिला, तोही स्वस्त. बिल कमी झालं. जानेवारीत नातू त्यांना घेऊन आला आणि रंगांच्या रॅकसमोरून हलेना.

माल ओळखायला शिकण्यात मात्र हयगय नको. प्लास्टिकचा ग्लू प्लास्टिक विरघळवून जोडतो. धातूला किंवा रेझिनला तो काही करत नाही, तिथे सुपरग्लू. मॅजिक-पोकेमॉनचं कार्ड 63 बाय 88 मिलिमीटर, यु-गि-ओ या तशाच खेळाचं त्याहून लहान. चुकीची स्लीव्ह (कार्डावर चढवायचं प्लास्टिकचं कव्हर) दिलीत तर माणूस दुसऱ्या दिवशी दारात. कुणी जुनी कार्डं विकायला आणली तर उजेडात कडा बघायच्या, आणि लहान मूल एकटं आलं असेल तर पालकांशिवाय घ्यायची नाहीत, असा आमच्याकडे नियम होता.

सर्वांत अवघड वेळ म्हणजे मॅजिकच्या नव्या सेटच्या प्री-रिलीजची, म्हणजे नवी कार्डं विक्रीला येण्याआधी दुकानात होणाऱ्या स्पर्धेची. प्रत्येकाला कार्डांची सहा बंद पाकिटं, त्यातून किमान 40 कार्डांचा डेक, आणि मग 50 मिनिटांच्या फेऱ्या. फेरी संपली की कोक आणि चिप्ससाठी झुंबड, सुरू झाली की काउंटर ओस. तेव्हाच आपण फोन काढतो. नवख्या माणसाला मात्र भरलेली खोली बघून आपण कुणाच्या खासगी पार्टीत शिरलोय असं वाटतं. म्हणून फेरी चालू असताना एकानं दाराजवळच थांबायचं. (आणि खिडकी उघडायची. चाळीस जणांच्या खोलीत तीही गिऱ्हाइकाची सेवाच.)

व्हिसाचं: पदवी किंवा मास्टर्सला असाल तर टर्ममध्ये आठवड्याला 20 तासांची मर्यादा बहुतेकांना माहीत असते. हे कमी जणांना माहीत असतं की स्टुडंट व्हिसावर स्वतःचा धंदा चालत नाही. तुमचं रंगकाम बघून कुणी म्हणेल, माझी फौज रंगवून दे, पैसे देतो. तो स्वयंरोजगार झाला. हसून नाही म्हणा.

नोकरी मागायला जाल तर सप्टेंबर-ऑक्टोबरात, ख्रिसमसची गर्दी सुरू व्हायच्या आत, आणि मंगळवार-बुधवारच्या दुपारी जा. शुक्रवारी संध्याकाळी मॅजिकची स्पर्धा असते; तेव्हा सीव्ही पुढे केलात तर तो चिप्सच्या खोक्याखाली जाईल.